यंत्र थांबवण्याचा अधिकार

पत्र्याचे सुटे भाग घडवणाऱ्या पॉवर प्रेसवर कामगाराचा हात एका पाळीत हजारो वेळा डायच्या तोंडाशी जातो. चाकण, भोसरी, तळवडे या पट्ट्यातल्या लहानमोठ्या वर्कशॉपमध्ये कामाची तऱ्हा सारखीच असते. पत्र्याचा तुकडा खालच्या डायवर ठेवायचा, पायाने पेडल दाबायचे, वरची डाय आपटून परत गेली की तयार भाग उचलायचा आणि पुढचा तुकडा ठेवायचा. मोटारीच्या सीटखालची पट्टी, बिजागरी, क्लॅम्प, ब्रॅकेट असेच निघतात. इतक्या फेऱ्यांत एखाद्या वेळी हातापायांची लय चुकणारच. त्याला थकवा पुरतो, रात्रपाळीतली डुलकी पुरते, मागून आलेली हाकही पुरते. माणूस चुकणार हे धरून चालायचे आणि त्या चुकीची किंमत बोटाने मोजावी लागणार नाही अशी सोय आधीच करून ठेवायची, हे सुरक्षा व्यवस्थापनाचे पहिले काम.

अपघातानंतरच्या अहवालात मात्र बहुधा एकच कारण लिहिले जाते: कामगाराचा निष्काळजीपणा. हे शब्द लिहिले की चौकशी संपते. डायपुढे गार्ड का नव्हते, क्लचची शेवटची तपासणी कोणी केली, त्या पाळीत किती नग मागितले होते, हे कोणी विचारत नाही. एखाद्या कारखान्यात सुरक्षा रुजली आहे की नाही हे जाणायचे असेल तर तिथले जुने अपघात अहवाल चाळावेत. ‘संबंधितास समज देण्यात आली’ या वाक्यावर ते संपत असतील, तर तिथे व्यवस्थापन सुरूच झालेले नाही.

बोट आणि डाय यांच्यामध्ये

धोक्यावरच्या उपायांची एक उतरंड असते. सगळ्यांत वर, धोका मुळातून काढून टाकणे. त्याखाली कमी धोक्याचा पर्याय वापरणे, मग यंत्रातच अडसर बसवणे, मग नियम, प्रशिक्षण आणि फलक, आणि तळाला हातमोजे, चष्मे, हेल्मेट. जसजसे खाली यावे तसतसा खर्च कमी होतो, आणि भरवसाही. बहुतेक कारखान्यांची सुरुवात तळापासून होते आणि फलकापाशी ती थांबते.

प्रेसवर ही उतरंड स्पष्ट दिसते. पत्र्याची कॉइल फीडरने आपोआप सरकत असेल तर हात आत घालण्याची वेळच येत नाही. ते परवडत नसेल तर डायचे तोंड इतके अरुंद ठेवता येते, की पत्रा जाईल पण बोट जाणार नाही. त्यानंतर येतात दोन हातांची बटणे. दोन्ही एकाच वेळी दाबली तरच स्ट्रोक येतो, म्हणजे तेवढा वेळ हात डायबाहेर असतात. लाइट कर्टन हा आणखी एक उपाय. डायपुढे प्रकाशकिरणांचा पडदा असतो, त्यात हात आला की यंत्राला थांबण्याचा संकेत जातो.

इथे एक बारकावा आहे आणि त्यावर बोटे अवलंबून असतात. जुन्या यांत्रिक प्रेसमध्ये पिन किंवा की क्लच असतो. तो एकदा फ्लायव्हीलला अडकला की शाफ्टचा पूर्ण फेरा झाल्याशिवाय सुटत नाही. स्ट्रोक अर्ध्यावर थांबवायची सोय त्या यंत्रात नसतेच. अशा प्रेसवर लाइट कर्टन बसवले तर संकेत जातो, दिवा लागतो आणि डाय खाली यायची ती येतेच. त्यासाठी आधी न्यूमॅटिक क्लच आणि ब्रेक बसवावा लागतो, नाहीतर हात आत जाऊच नये असे पक्के गार्ड लावावे लागते. जुन्या क्लचवर कर्टन लटकवून तपासणीच्या यादीत खूण करणे हे काहीच न लावण्यापेक्षा वाईट, कारण कामगार त्या पडद्यावर विसंबून हात घालतो. शिवाय पिन झिजली किंवा तिची स्प्रिंग तुटली तर पेडल न दाबताही प्रेस दुसरा स्ट्रोक मारते. तो येतो तेव्हा हात भाग उचलायला आत गेलेला असतो. तिथे दोन हातांची बटणेही कामाची नाहीत. झिजलेली पिन वेळेत बदलणारा मेंटेनन्सचा माणूसच कामाचा.

यंत्र विकत घेतानाच सुरक्षेचा मोठा भाग ठरून जातो. सेकंडहँड बाजारातून स्वस्तात प्रेस उचलणारा खरेदी विभाग, सुटा भाग लवकर न देणारे स्टोअर आणि डायचा आराखडा काढणारा टूलरूम, या सगळ्यांच्या सह्या पुढे होणाऱ्या अपघातावर असतात.

दोन बटणांपैकी एक रबरबँडने किंवा चिकटपट्टीने दाबून ठेवलेले आढळते तेव्हा सुपरवायझर कामगाराला झापतो. पण बटण बांधण्यामागे हिशेब असतो. तासाचे टार्गेट पेडल वापरून घेतलेल्या चाचणीवर ठरलेले असते, नंतर बटणे बसवली जातात आणि टार्गेट तेच राहते. एका हातानेच ते गाठता येते. यावर उपाय एकच: गार्ड आणि बटणे लावून कामाची वेळ पुन्हा मोजायची आणि निघेल तो आकडा मान्य करायचा. हे काम सेफ्टी ऑफिसरच्या अखत्यारीत नसते. ते उत्पादन प्रमुखालाच करावे लागते.

नाव कोणाचे, जबाबदारी कोणाची

भोपाळमध्ये २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडले, तेव्हा टाकी थंड ठेवणारी शीतकरण यंत्रणा बंद होती आणि वायू जाळून टाकणाऱ्या फ्लेअरची जोडणी दुरुस्तीसाठी काढलेली होती. हे निर्णय त्या रात्रीचे नव्हते. कामाच्या साध्या दिवशी, अधिकार असलेल्या माणसांनी ते घेतले होते. म्हणूनच १९४८ च्या कारखाने अधिनियमात १९८७ साली झालेल्या दुरुस्तीने जबाबदारी वरच्या टोकाला बांधली. कंपनीच्या बाबतीत कारखान्याचा भोगवटादार म्हणून संचालकांपैकीच एकाला धरले जाईल, असे तीत ठरले. व्यवस्थापकाला भोगवटादार दाखवून मोकळे होण्याची वाट बंद झाली. या तरतुदीला न्यायालयात आव्हान मिळाले. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली जे. के. इंडस्ट्रीजच्या खटल्यात ती उचलून धरली.

तरीही बहुतेक ठिकाणी ‘सुरक्षा कोण बघतो?’ या प्रश्नाला सेफ्टी ऑफिसरचे नाव मिळते. कायद्याच्या दृष्टीने तो सल्लागार आहे. धोका शोधणे, सांगणे, नोंदवणे, शिकवणे ही त्याची कामे. त्याने थेट कारखान्याच्या प्रमुखाच्या हाताखाली असावे आणि सुरक्षेच्या आड येणारे दुसरे काम त्याच्यावर लादू नये, अशी नियमांची अपेक्षा आहे. व्यवहारात कॅन्टीन, बसगाड्या, गेटवरचे रखवालदार आणि प्रदूषण मंडळाच्या फायली हे सगळे त्याच्याच टेबलावर येते. महिनाअखेरीला डिस्पॅच अडले असेल आणि त्याच दिवशी त्याने एक लाइन थांबवायला सांगितली, तर त्याचे ऐकले जाते का, यावरून त्याचे खरे स्थान कळते.

सुरक्षा संस्थेत बांधायची तर ती उत्पादनाच्या साखळीत बसवावी लागते. ज्याच्या हाताखाली यंत्र, त्याच्याकडे त्या यंत्राची सुरक्षा. लाइन सुपरवायझर पाळीच्या सुरुवातीला गार्ड आणि आपत्कालीन बटण स्वतः तपासतो, विभागप्रमुख आठवड्यातून एकदा फ्लोअरवर फिरून धोके लिहितो, प्लांट हेडच्या मासिक बैठकीत त्या नोंदी उत्पादनाच्या आकड्यांआधी घेतल्या जातात, आणि प्रत्येक नोंदीपुढे माणसाचे नाव, तारीख आणि मंजूर रक्कम असते. रक्कम महत्त्वाची. खर्चाच्या मंजुरीविना सोडलेली नोंद पुढच्या महिन्यात तशीच परत येते, आणि तिसऱ्या महिन्यापासून कामगार धोके सांगायचे बंद करतात.

मार्च २०१८ मध्ये आलेल्या आयएसओ ४५००१ या मानकाचा सांगाडाही असाच आहे. आधी धोका ओळखा, उपाय ठरवा, अमलात आणा, तपासा, सुधारा. त्यात वरिष्ठांचे नेतृत्व आणि कामगारांशी सल्लामसलत या दोन गोष्टींवर जुन्या मानकापेक्षा जास्त भर आहे. पण प्रमाणपत्र मिळवण्यासाठी फायली तयार करून देणारे सल्लागार जागोजागी मिळतात. धोक्यांची यादी एका कारखान्यातून उचलून दुसऱ्यात चिकटवली की जिथे बॉयलर नाही तिथे बॉयलरचा धोका लिहिलेला सापडतो. यादी त्या यंत्रावर उभ्या असलेल्या माणसाने सांगितलेली नसेल तर तिचा उपयोग नाही.

परमिट, कुलूप आणि टाकी

नेहमीच्या उत्पादनापेक्षा दुरुस्तीच्या कामात माणसे जास्त अडचणीत येतात, कारण तेव्हा गार्ड काढलेले असते, पाइप उघडा असतो आणि काम करणारा त्या जागेला नवखा असतो. त्यासाठी परमिटची पद्धत आहे. वेल्डिंगला, उंचीवरच्या कामाला, टाकीत उतरायला, विजेच्या कामाला लेखी परवाना लागतो. देणारा जागेवर जाऊन पाहतो, घेणारा अटी समजून सही करतो आणि काम संपल्यावर परमिट बंद केले जाते.

ही पद्धत कुठे फाटते हे उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेलफलाटाने दाखवले. ६ जुलै १९८८ रोजी तिथे १६७ माणसे गेली. दिवसपाळीने एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह तपासायला काढून तोंडावर नुसते झाकण लावले होते. पंपाच्या दुरुस्तीचे परमिट वेगळे, व्हॉल्व्हचे वेगळे. रात्री दुसरा पंप बंद पडला. रात्रपाळीला पंपाचे परमिट दिसले, व्हॉल्व्हचे दिसले नाही, आणि तोच पंप सुरू केला गेला. दोन्ही कागद भरलेले होते. एका पाळीने दुसरीला सांगायचे ते राहून गेले. म्हणून चांगल्या कारखान्यात पाळी बदलताना दोन्ही सुपरवायझर उघड्या परमिटांचा फलक एकत्र वाचतात आणि जागेवर जाऊन पाहतात. त्याला वेळ लागतो, आणि तो वेळ पगारात धरलेला असावा लागतो.

यंत्र उघडण्याआधी त्याची शक्ती तोडून कुलूप लावायचे, यालाच फ्लोअरवर लोटो म्हणतात. नियम साधा आहे: जितकी माणसे तितकी कुलपे, आणि ज्याची किल्ली त्याच्याच खिशात. फिटर, इलेक्ट्रिशियन आणि हेल्पर अशी तिघांची कुलपे एका स्विचवर असतील तर शेवटचा माणूस बाहेर येईपर्यंत कोणीही यंत्र चालू करू शकत नाही. कुलूप लावल्यावर बटण दाबून यंत्र खरेच मेले आहे का हे पाहायचे. मोटर बंद झाली तरी फ्लायव्हील काही काळ फिरत राहते, नळीत हवेचा दाब शिल्लक असतो, वर थांबलेला रॅम स्वतःच्या वजनाने खाली येऊ शकतो. त्याखाली ठोकळा द्यावाच लागतो. दसऱ्याला यंत्रे बंद करून, पुसून, झेंडूची माळ घालून पूजली जातात. एरवी त्याच कारखान्यात कन्व्हेयरच्या फिरत्या रोलरवरचा चिकटा पट्टा न थांबवता खरवडला जातो. थांबवले तर उत्पादनाची मिनिटे जातात, म्हणून.

टाकीत, गटारात, सांडपाणी प्रकल्पाच्या खड्ड्यात उतरण्याचे काम सगळ्यांत घातक. साध्या हवेत ऑक्सिजन सुमारे २०.९ टक्के असतो, १९.५ टक्क्यांच्या खाली तो गेला की ती जागा असुरक्षित मानतात. सडलेल्या गाळातून निघणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्यांचा वास येतो, पण प्रमाण वाढले की नाकाची संवेदनाच बधिर होते आणि वास गेला म्हणजे वायू गेला असे वाटते. पहिला माणूस कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. कारखाने अधिनियमाच्या कलम ३६ मध्ये यावर नेमके सांगितले होते: आतला वायू काढून टाकण्याचे सर्व उपाय करावेत, सक्षम व्यक्तीने चाचणी घेऊन लेखी दाखला द्यावा, किंवा उतरणाऱ्याला श्वसनयंत्र आणि कमरेला दोरी असावी व दोरीचे दुसरे टोक बाहेरच्या माणसाच्या हातात असावे. गॅस मीटर दोरीने सोडून वरची, मधली आणि तळाची हवा मोजायची, कारण जड वायू तळाशी साचतात. बाहेर उभ्या असलेल्या माणसाने कोणत्याही कारणाने आत उतरायचे नाही, हे त्याला आधीच बजावून ठेवावे लागते. आत आपला भाऊबंद पडलेला असताना हे पाळणे किती कठीण असते, हे लक्षात घेऊन बाहेरूनच ओढून काढण्याची तिकटी आणि पुली तयार ठेवायला हवी.

दिवाळीचे शटडाउन

ही सगळी धोक्याची कामे महाराष्ट्रातले कितीतरी कारखाने दिवाळीच्या सुट्टीत उरकतात. कायम कामगार बोनस घेऊन गावी गेलेले असतात, उत्पादन बंद असते, म्हणून टाक्या धुणे, पाइप बदलणे, छपरावरचे पत्रे नवे घालणे, क्रेनची दुरुस्ती हे तेव्हाच सोयीचे पडते. कामाला येतात ठेकेदाराची माणसे. त्यांतल्या अनेकांनी तो कारखाना पूर्वी पाहिलेलाही नसतो. कोणत्या पाइपात काय आहे, सिमेंटच्या पत्र्यावर पाय कुठे द्यायचा नाही, आग लागली तर कोणत्या दाराने पळायचे, हे त्यांना गेटवर कोणी तरी दहा मिनिटांत सांगते, तेही त्यांना न कळणाऱ्या भाषेत. नेमका त्याच आठवड्यात सेफ्टी ऑफिसर रजेवर असतो.

शटडाउनची सुरक्षा गणपतीच्या सुमारासच ठरवायला हवी. कामांची यादी, एकाच जागी एकावर एक येणारी कामे, खाली रंग आणि वर वेल्डिंग अशा जोड्या, परमिट देणाऱ्या माणसांची हजेरी, रुग्णवाहिका, हे सगळे आधी जुळवावे लागते. ठेका सर्वांत कमी दराला दिला आणि त्या दरात हार्नेस, मचाण, गॅस मीटर धरलेच नाहीत, तर ते जागेवर येणार नाहीत हे ठेका देणाऱ्यालाही ठाऊक असते.

बदल छोटा, परिणाम मोठा

इंग्लंडमधल्या फ्लिक्सबरोच्या रासायनिक कारखान्यात १ जून १९७४ रोजी २८ माणसे मेली. ओळीतल्या सहा रिअ‍ॅक्टरपैकी पाचव्याला तडा गेला म्हणून तो काढून चौथा आणि सहावा तात्पुरत्या पाइपाने जोडले होते. त्या जोडाचे रेखाटन वर्कशॉपच्या फरशीवर खडूने काढलेले होते, आणि आराखडा तपासू शकेल असा मेकॅनिकल इंजिनिअर त्या वेळी कारखान्यात नेमलेला नव्हता. तेव्हापासून बदलाची लेखी तपासणी ही सुरक्षा व्यवस्थापनाची वेगळी पायरी झाली.

तारापूर, डोंबिवली, लोटे, महाड, कुरकुंभ इथल्या छोट्या रासायनिक कारखान्यांत ही पायरी सर्वांत दुबळी आहे, कारण तिथे बदल हाच धंदा आहे. ऑर्डर येईल तसे त्याच रिअ‍ॅक्टरमध्ये वेगळे उत्पादन, वेगळे सॉल्व्हंट, मोठी बॅच. प्रयोगशाळेतल्या काचपात्रात शांतपणे होणारी अभिक्रिया मोठ्या भांड्यात तशी राहत नाही. भांडे मोठे झाले की आतला माल, म्हणजे निर्माण होणारी उष्णता, घनाच्या हिशेबाने वाढते आणि ती बाहेर टाकणारा पृष्ठभाग वर्गाच्याच हिशेबाने. थंड पाणी मध्येच थांबले किंवा ढवळणारा पंखा अडकला, तर तापमान चढत जाते आणि ऑपरेटरच्या हातात काही मिनिटे उरतात. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी झालेल्या स्फोटांत कामगार गेलेच, शिवाय कारखान्यांशी काही संबंध नसलेल्या आसपासच्या वस्तीचीही हानी झाली. नवी बॅच सुरू करण्याआधी अभिक्रियेची उष्णता मोजून घेणे आणि वीज गेल्यास थंड पाणी कुठून येणार हे लिहून ठेवणे, एवढे तरी प्रत्येक मालकाला जमण्यासारखे आहे.

फलकावरचे दिवस

गेटजवळ ‘अपघातविरहित दिवस’ दाखवणारा फलक असतो. आकडा मोठा झाला की सगळ्यांना बक्षीस मिळते. हेतू चांगला असला तरी बोट कापलेला माणूस सोबत्यांचे बक्षीस बुडू नये म्हणून फडके गुंडाळून काम करत राहतो. कायद्याप्रमाणे अपघातानंतर ४८ तास किंवा त्याहून जास्त वेळ कामावर येऊ न शकणाऱ्याची सूचना द्यावी लागते. म्हणून प्लास्टर घातलेल्या कामगाराला गाडीने आणून ऑफिसात बसवले जाते आणि हजेरी मांडली जाते. आकडा शाबूत राहतो, आणि अपघाताची कारणेही शाबूतच राहतात.

उपयोगाची मोजणी वेगळी आहे: थोडक्यात टळलेल्या किती घटना लोकांनी आपणहून सांगितल्या, त्यांतल्या किती महिन्याभरात मिटल्या, किती इंटरलॉक तपासले आणि किती नादुरुस्त निघाले. नियर मिसच्या नोंदी वाढल्या तर ती चांगली बातमी. शिवाय घसरणे-पडणे कमी झाले म्हणून स्फोटाचा धोका कमी होत नाही. टेक्सास सिटीच्या रिफायनरीत २३ मार्च २००५ रोजी १५ माणसे गेली. त्यानंतर नेमलेल्या बेकर समितीने २००७ मध्ये नेमके हेच सांगितले: वैयक्तिक इजांचे प्रमाण घटलेले पाहून कंपनीने प्रक्रियाही सुरक्षित असल्याचे मानले होते.

समितीच्या टेबलावर

धोकादायक प्रक्रिया असलेल्या कारखान्यात कामगार आणि व्यवस्थापन यांचे समान प्रतिनिधी असलेली सुरक्षा समिती १९८७ च्या दुरुस्तीने बंधनकारक केली. जीव किंवा प्रकृतीला तातडीचा धोका वाटल्यास कामगाराने तो व्यवस्थापनाच्या आणि समितीच्या नजरेस आणावा आणि व्यवस्थापनाने लगेच उपाय करावा, हेही त्याच दुरुस्तीतल्या कलम ४१ह मध्ये आले. पुष्कळ समित्यांच्या इतिवृत्तात मात्र पाण्याचा कूलर आणि जिन्यातला दिवा यापलीकडे विषय सापडत नाहीत. कंत्राटी कामगार सर्वांत धोक्याच्या जागी आणि समितीत त्यांचा एकही माणूस नाही, हे तर नेहमीचेच. त्यांना जागा दिल्याशिवाय समितीला कारखाना कळणार नाही.

आणि थांबवण्याचा अधिकार सगळ्यांना असल्याचे भिंतीवर लिहून भागत नाही. ज्याने लाइन थांबवली त्याची अर्ध्या दिवसाची मजुरी कापली गेली, तर पुढची दहा वर्षे कोणी थांबवत नाही. थांबवणारा चुकीचा निघाला तरी त्याला काही होणार नाही, हे प्लांट हेडने सगळ्यांसमोर एकदा तरी करून दाखवावे लागते.

भिंतीबाहेरची वर्कशॉप

२०२० साली संसदेने मंजूर केलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत सुरक्षा अधिकारी नेमण्याची मर्यादा साध्या कारखान्यासाठी ५०० आणि धोकादायक प्रक्रियेसाठी २५० कामगार अशी खाली आली. मोठ्या कारखान्यांच्या दृष्टीने हे पाऊल पुढचे आहे. त्याच संहितेत कारखान्याची व्याख्या मात्र विजेवर चालणाऱ्या जागेसाठी २० आणि विजेविना ४० कामगारांपासून सुरू होते. जुन्या केंद्रीय कायद्यात हेच आकडे १० आणि २० होते. सात-आठ माणसांची, एका शेडमध्ये चार प्रेस असलेली वर्कशॉप या दोन्ही व्याख्यांबाहेर राहतात.

तिथे निरीक्षक क्वचित पोचतो, पण मोठ्या कंपनीचा दर्जा तपासणारा माणूस नियमाने पोचतो, कारण तिथला ब्रॅकेट शेवटी तिच्याच गाडीत बसतो. वाहन कंपन्यांनी आणि त्यांच्या पहिल्या फळीच्या पुरवठादारांनी त्याच माणसाच्या तपासणीत यंत्रांची स्थिती, गार्ड आणि अपघातांची नोंद ही कलमे घालावीत, आणि नगाचा दर ठरवताना न्यूमॅटिक क्लचचा खर्च त्यात धरावा. तो खर्च न धरता पाठवलेली ऑर्डर रद्द करायचा अधिकारही त्यांच्याच खरेदी विभागाकडे आहे. तो त्यांनी येत्या वर्षाच्या करारांपासून वापरावा.